धान, ज्वारी आणि गहू: नागपूर परिसरातील नव्या शेतकऱ्यासाठी पेरणी आणि तणनियंत्रणाचे मार्गदर्शन

नागपूर शहरात नोकरी किंवा व्यवसाय करून मौदा, रामटेक, कुही, उमरेड किंवा सावनेर भागातील वडिलोपार्जित शेती स्वतः पाहू लागलेल्या मंडळींची संख्या हल्ली वाढली आहे. त्यांच्याशी बोलताना पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: तण फार माजले आहे, कोणते औषध मारावे? हा प्रश्न विचारला जातो तेव्हा पीक साधारण दीड महिन्याचे झालेले असते, तण पिकाच्या खांद्याला लागलेले असते आणि उपायाची योग्य वेळ तीन-चार आठवड्यांपूर्वीच निघून गेलेली असते. तृणधान्याच्या पिकात तणाचा निकाल पहिल्या तीस-चाळीस दिवसांत लागतो आणि त्यातला निम्मा पेरणीच्या आधीच लागलेला असतो, हे एकदा ध्यानात आले की कामांचा क्रम आपोआप बदलतो. म्हणून हे मार्गदर्शन मे महिन्यापासून सुरू केले आहे.

आधी शेत आणि त्यातील तण ओळखावे

नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग धानाचा आहे. मौदा, रामटेक, पारशिवनी, कुही आणि भिवापूर या तालुक्यांत बांध्या, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली धानाची शेते, दिसतात आणि त्यांपैकी बऱ्याच भागाला पेंच प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी मिळते. पश्चिमेकडे कळमेश्वर, सावनेर, काटोल, नरखेड या बाजूला कपाशी, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या बागा असून त्यांच्याच शेजारी रब्बीत गहू आणि हरभरा घेतला जातो. ही शेजारपणाची गोष्ट तणनाशकाच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते, तिच्याकडे पुढे वळू.

शेत हाती घेतल्यावर पहिले काम म्हणजे वही घेऊन धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, फिरावे आणि कोणते तण कुठे आहे याची नोंद करावी. व्यवहारात तणांचे तीन गट पुरेसे आहेत, कारण औषधेही याच गटांप्रमाणे काम करतात. पहिला गट गवतवर्गीय तणांचा: पाखड, हरळी, कुंदा ही त्याची उदाहरणे, त्यांचे खोड गोल आणि पेरेदार असते. दुसरा गट लव्हाळावर्गीय तणांचा. खोड बोटांमध्ये फिरवून पाहिले तर ते तिधारी लागते, आणि ही एकच परीक्षा नवख्या माणसाला लव्हाळा आणि गवत यांतला फरक शिकवते. तिसरा गट रुंद पानांच्या तणांचा: केना, कुंजरू, दुधी, कुरडू, गाजर गवत, रब्बीत चंदन बटवा, हरणखुरी, रानमेथी.

धानाच्या बांधीत सर्वांत फसवे तण पाखड आहे, कारण लहानपणी ते धानासारखेच दिसते आणि निंदणाऱ्या बाया सरावाच्या नसतील तर धान उपटले जाऊन पाखड राहते. ओळखण्याची खूण सोपी आहे. धानाचे पान खोडापासून जिथे वेगळे होते, तिथे एक पातळ पांढरट पडदा आणि बाजूला बारीक केसाळ कानासारखे भाग असतात. पाखडाच्या पानाच्या त्या जागी काहीही नसते, ती जागा गुळगुळीत असते. पहिल्या निंदणाच्या दिवशी मालकाने स्वतः बांधीत उतरून ही खूण मजुरांसोबत तपासून घ्यावी.

नोंद करताना बहुवर्षायू तणांवर वेगळी खूण करावी. हरळी खोडाच्या तुकड्यातून फुटते, लव्हाळा जमिनीतल्या गाठींपासून येतो आणि भारी काळ्या जमिनीतला कुंदा खोलवर मुळे रोवून बसतो. अशा तणांच्या शेतात घाईने रोटाव्हेटर फिरवणे ही नव्या शेतकऱ्याकडून हमखास होणारी चूक आहे, कारण त्याची पाती हरळीचे आणि कुंद्याचे तुकडे करून ते शेतभर पेरतात. जिथे ही तणे दाट आहेत तिथे एप्रिल-मे महिन्यांत खोल नांगरट करून ढेकळे तशीच उन्हात पडू द्यावीत. नागपूरचे ऊन पंचेचाळीस अंशांपर्यंत जाते, आणि उघड्या पडलेल्या मुळ्या-गाठी सुकवण्यासाठी त्याच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. नंतर वखराने वर आलेले धसकट आणि मुळ्या वेचून शेताबाहेर काढाव्यात. धुऱ्यावर टाकल्या तर पहिल्या पावसात त्या पुन्हा जीव धरतात.

मृगापूर्वीची तयारी

शेणखत पूर्ण कुजलेले असावे, हा उपदेश सगळेच करतात, पण त्याचे तणाशी असलेले नाते क्वचितच सांगितले जाते. जनावरांच्या पोटातून अनेक तणांचे बी न मरता बाहेर पडते. ढिगात नीट तापून कुजलेल्या खतात त्यातले बरेचसे मरते, पण उन्हाळ्यात उकिरड्यावरून उचललेले कच्चे खत शेतात टाकणे म्हणजे पैसे देऊन तण पेरणे आहे.

बियाणे शक्यतो प्रमाणित घ्यावे आणि घरचे असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. त्यात तणाचे बी आहे का ते ताटात पसरून पाहावे, आणि शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजावी. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवणशक्ती धानाला 80 टक्के, गव्हाला 85 टक्के आणि ज्वारीला 75 टक्के धरलेली आहे. घरचे बी त्याहून कमी उगवत असेल तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे किंवा बदलावे. विरळ उगवलेल्या शेतात मोकळ्या जागेचा ताबा तणच घेते, म्हणून उगवण तपासणे हे तणनियंत्रणाचेच काम समजावे. धानाचे बी पेरण्यापूर्वी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकावे. तरंगलेले पोचट दाणे आणि हलके तणबी काढून टाकावे, तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवावे आणि मग किलोमागे 3 ग्रॅम थायरम चोळावे. जिवाणू खते, म्हणजे ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, 10 किलो बियाण्याला प्रत्येकी 250 ग्रॅम या प्रमाणात, बुरशीनाशकानंतर आणि पेरणीच्या अगदी आधी लावावीत.

आता या टप्प्यातील सर्वांत मोलाचे काम. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस वळवाची सर येते आणि चार-सहा दिवसांत शेतावर हिरवट झाक दिसू लागते. पुष्कळ जण त्या वेळी घाबरतात. खरे तर ती संधी असते. जमिनीच्या वरच्या थरातले जे तणबी उगवले, ते पेरणीपूर्वी हलक्या वखराच्या पाळीने मारून टाकले, की पिकासोबत उगवणारे तण तेवढे कमी होते. पाळी उथळ, दोन इंचांच्या आतच असावी. खोल वखर दिला तर खालचे झोपलेले बी वर येते आणि केलेले काम वाया जाते. मृग लागला म्हणून लगेच तिफन काढण्याची घाई करू नये. खरिपाच्या कोरडवाहू पेरणीसाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली ओली झाल्यावरच पेरावे, म्हणजे दुबार पेरणीचे संकटही टळते आणि तणाची पहिली फळी मारण्यासाठी हवा तेवढा अवधीही मिळतो.

धान: पऱ्ह्यापासून रोवणीपर्यंत

एका एकराच्या रोवणीसाठी साधारण चार गुंठ्यांची पऱ्ह्याची, म्हणजे रोपवाटिकेची, जागा लागते. बारीक दाण्याच्या वाणाला एकरी 14 ते 16 किलो बी पुरते, ठोकळ वाणाला 20 किलोंच्या पुढे जावे लागते. पूर्व विदर्भात एचएमटी या बारीक तांदळाची गोडी सर्वांना आहे; चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून हा वाण घडवला, आणि रोज शेतात फिरून पिकाकडे बारकाईने पाहण्याचे मोल सांगायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. वाण निवडताना मात्र आपल्या बांधीचे पाणी किती दिवस टिकते ते आधी पाहावे: कालव्याचे हमखास पाणी असेल तर मध्यम ते उशिरा येणारा वाण चालतो, नुसत्या पावसावर असेल तर लवकर येणाराच घ्यावा.

पऱ्हे गादीवाफ्यावर, ओळीत आणि विरळ टाकावेत. पऱ्ह्यातले पाखड तिथेच काढले नाही तर ते रोपांच्या जुडीतून बांधीत जाते, आणि पुढे दोन महिने आपण आपल्याच हाताने रोवलेले तण काढत बसतो. लवकर येणाऱ्या वाणाची रोपे 21 ते 25 दिवसांची, मध्यम वाणाची 25 ते 30 दिवसांची झाली की रोवावीत. पावसाने ताण दिला म्हणून चाळीस-पन्नास दिवसांची रोपे रोवावी लागली तर फुटवे कमी येतात. अशा वेळी एका चुडात, म्हणजे एका जागी रोवायच्या झुबक्यात, रोपांची संख्या वाढवावी आणि अंतर कमी करावे.

चिखलणी एकदाच करून दुसऱ्या दिवशी रोवणी उरकण्याचा मोह टाळावा. पहिल्या चिखलणीनंतर आठ-दहा दिवस बांधीत ओल राहू द्यावी, उगवलेले तण दुसऱ्या चिखलणीत गाडावे आणि मग फळी मारून बांधी सपाट करावी. सपाटीकरणाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बांधीत जिथे उंचवटा राहतो तिथे पाणी टिकत नाही, आणि जिथे पाणी टिकत नाही तिथेच पाखड उगवते. हे गवत उगवण्यासाठी हवा मागते आणि सलग उभ्या पाण्याखाली त्याचे बी फारसे वर येत नाही. म्हणून धानात पाणी हेच पहिले तणनाशक आहे. रोवणी ओळीत, 20 बाय 15 सेंटिमीटर अंतरावर, चुडात दोन ते तीन रोपे ठेवून आणि दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल न दाबता करावी. रोपे रुजेपर्यंत पाणी उथळ ठेवावे, नंतर पाच सेंटिमीटरपर्यंत वाढवावे. ओळ सरळ असेल तरच पुढे कोनोवीडर, म्हणजे ओळींतून ढकलत तण काढण्याचे अवजार, चालतो, त्यामुळे दोरी धरून रोवणी करायला मजूर कुरकुरले तरी आग्रह सोडू नये.

रोवणीनंतर तीन ते पाच दिवसांच्या आत, तण उगवण्यापूर्वी, प्रेटिलाक्लोर 50 टक्के प्रवाही हे औषध एकरी 600 मिलिलिटर प्रमाणात द्यावे. ते 20 किलो कोरड्या वाळूत नीट मिसळून, बांधीत तीन-चार सेंटिमीटर पाणी असताना सारखे फेकता येते. त्यानंतर दोन-तीन दिवस बांधीचे पाणी बाहेर जाऊ देऊ नये, तसेच बाहेरचे आतही घेऊ नये. धुऱ्याला भोक असेल तर औषध शेजाऱ्याच्या बांधीत वाहून जाते आणि आपल्याकडे तण राहते. सहावा-सातवा दिवस उलटला आणि पाखडाला दुसरे पान आले, तर हे औषध देऊन उपयोग नाही. तेव्हा वाट पाहून, रोवणीनंतर 15 ते 25 दिवसांत तण तीन-चार पानांवर असताना बिस्पायरीबॅक सोडियम 10 टक्के एकरी 80 ते 100 मिलिलिटर फवारावे. या औषधाची एक अट विसरली जाते: ते तणाच्या पानांवर पडले पाहिजे. म्हणून आदल्या दिवशी पाणी काढून तण उघडे करावे, चिखलावर फवारावे आणि दोन ते तीन दिवसांत पुन्हा पाणी बांधावे. पाणी परत बांधले नाही तर नवे तण उगवते आणि औषधावर विनाकारण दोष येतो.

औषध दिले तरी एक निंदण धरूनच चालावे. रोवणीनंतर पंधराव्या ते पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंतचा काळ सर्वांत नाजूक आहे; या काळात बांधी स्वच्छ राहिली की धान स्वतःच सावली धरते. युरियाचा पुढचा हप्ता नेहमी निंदणानंतर द्यावा. तणात युरिया टाकला की पिकाआधी तणच तो उचलते, आणि हिरवेगार दिसणारे शेत पाहून आपली फसगत होते.

आवत्या धान, म्हणजे पऱ्हे न टाकता सरळ पेरलेले धान, मजुरी वाचवते म्हणून आकर्षक वाटते. माझे स्पष्ट मत आहे की नव्या माणसाने पहिल्या दोन वर्षांत त्याच्या वाटेला जाऊ नये. पीक आणि तण एकाच दिवशी उगवतात, पाण्याचा आसरा सुरुवातीला मिळत नाही आणि साठ दिवसांपर्यंत तणाशी झुंजावे लागते. करायचेच असेल तर छोट्या तुकड्यात, ओळीत पेरून, पेरणीनंतर तीन दिवसांच्या आत ओल्या जमिनीवर पेंडीमिथालीन 30 टक्के एकरी 1.3 लिटर फवारून अनुभव घ्यावा.

ज्वारी

खरीप ज्वारीचे क्षेत्र आपल्याकडे घटले आहे, पण कडब्यासाठी ती घेणारे अजून आहेत. पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आत उरकावी, कारण उशिराच्या ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते. ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवले की डवरणी, म्हणजे ओळींमधली कोळपणी, सहज होते, आणि तिसऱ्या व पाचव्या आठवड्यात एकेक डवरणी आणि ओळीतले एक निंदण एवढ्यावर हे पीक निभावते. सलग ज्वारीत पेरणीनंतर लगेच ॲट्राझिन 50 टक्के भुकटी एकरी 400 ते 600 ग्रॅम वापरता येते. हलक्या जमिनीत कमी मात्रा घ्यावी. ज्वारीत तूर, मूग किंवा उडीद आंतरपीक असेल तर मात्र ॲट्राझिनला हातही लावू नये, कारण ते कडधान्य मारते.

ज्वारीचा खास शत्रू टारफुला आहे. तो ज्वारीच्या मुळावर जगणारा परजीवी आहे. जमिनीवर त्याची इवली पांढरी-जांभळी फुले दिसतात तेव्हा त्याने आधीच पिकाचे रक्त शोषलेले असते. त्याचे बी धुळीसारखे बारीक, एका झाडाला हजारोंनी येणारे आणि जमिनीत कितीतरी वर्षे जिवंत राहणारे असते. म्हणून फुले येण्यापूर्वी उपटून जाळावा आणि ज्या शेतात तो दिसला तिथे पुढची काही वर्षे ज्वारीऐवजी कपाशी, सोयाबीन किंवा तूर घ्यावी. कपाशीसारख्या पिकाच्या मुळांमुळे त्याचे बी उगवते, पण त्याला तिथे पोसणारे मूळ न मिळाल्याने ते मरून जाते. फेरपालटीचा खरा फायदा हाच.

गहू

बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी. धान निघाल्यावर बांधी वाफशावर, म्हणजे पेरता येईल इतक्या ओलीवर, येईपर्यंत डिसेंबर उजाडतो, तेव्हा उशिराच्या पेरणीचा वाण घ्यावा, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा एकेएडब्ल्यू-4627 त्यासाठीच आहे, तर वेळेवरच्या पेरणीला त्याच विद्यापीठाचा विमल, म्हणजे एकेएडब्ल्यू-3722, किंवा जुना परिचित लोक-1 चालतो. पंधरा डिसेंबरनंतर गहू पेरू नये. आपल्याकडे फेब्रुवारीतच ऊन तापते आणि दाणा बारीक राहतो. त्याऐवजी ओल असलेल्या बांधीत लाखोळी किंवा जवसाचा विचार करणे शहाणपणाचे आहे.

वेळेवरच्या पेरणीला एकरी 40 ते 50 किलो बी आणि ओळींत 20 ते 22.5 सेंटिमीटर अंतर ठेवावे. उशिराच्या पेरणीत फुटवे कमी येतात म्हणून बी 50 ते 60 किलो आणि अंतर 18 सेंटिमीटर करावे. दाट, सारख्या ओळी जमीन लवकर झाकतात आणि तणाला ऊन मिळू देत नाहीत. बी पाच सेंटिमीटरच्या आसपास, ओलीत पडावे. कोरड्यात पेरून वरून पाणी देण्यापेक्षा आधी शेत ओलवून, वाफशावर आल्यावर उगवलेले तण वखराने मारून मग पेरावे. मृगापूर्वी जी युक्ती केली तीच इथे पुन्हा उपयोगी पडते, आणि गव्हात तर ती अधिक नेमकी साधते, कारण पाऊस नसल्याने ओलीचा दोर आपल्या हातात असतो.

पहिले पाणी 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, चुकवू नये. पुढची पाणी 40 ते 45 दिवसांनी कांडी धरताना, 60 ते 65 दिवसांनी फुलोऱ्यात आणि 80 ते 85 दिवसांनी दाणे भरताना द्यावे. पहिल्या पाण्यानंतर तणाची मोठी लाट येते. तिच्यासाठी दोन वाटा आहेत. शेत लहान असेल आणि घरची माणसे असतील तर पाण्यानंतर वाफसा येताच चाकाच्या हातकोळप्याने ओळींमधली माती हलवावी. तणही मरते आणि जमिनीच्या भेगा बुजून ओलही टिकते. शेत मोठे असेल तर पेरणीनंतर 30 ते 35 दिवसांनी, जमिनीत ओल असताना, औषध वापरावे. चंदन बटवा, हरणखुरी, रानमेथी अशी रुंद पानांची तणे असतील तर मेटसल्फ्युरॉन मिथाइल 20 टक्के एकरी 8 ग्रॅम पुरते. गुल्लीदंडा किंवा जंगली ओट ही गवतवर्गीय तणे असतील तर क्लोडिनाफॉप 15 टक्के एकरी 160 ग्रॅम घ्यावे. दोन्ही गट मिसळलेले असतील तर सल्फोसल्फ्युरॉन 75 टक्के एकरी 13.5 ग्रॅम चालते, पण त्याचा अंश जमिनीत रेंगाळतो आणि मागून घेतलेल्या ज्वारी-मक्याला बाधतो, म्हणून उन्हाळी मका घ्यायचा असेल तर ते टाळावे. गव्हात मोहरीच्या ओळी असतील तर रुंद पानांचे कोणतेही औषध मोहरीलाही मारते.

एकच औषध दर वर्षी वापरू नये. हरियाणात गुल्लीदंड्यावर आयसोप्रोट्युरॉन हे औषध वर्षानुवर्षे मारले गेले आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते तण त्या औषधाला जुमानेनासे झाले. गव्हाची शेते अक्षरशः गुल्लीदंड्याची झाली. औषधाचा गट बदलावा आणि तीन वर्षांतून एकदा त्या शेतात हरभरा घ्यावा.

2,4-डी आणि शेजाऱ्याची कपाशी

गव्हातल्या रुंद पानांच्या तणांसाठी 2,4-डी हे स्वस्त औषध दुकानात सहज पुढे केले जाते. आपल्या भागात ते वापरण्यापूर्वी दहादा विचार करावा. गव्हात फवारणीची वेळ डिसेंबरमध्ये येते आणि त्या वेळी शेजारच्या शेतात कपाशी आणि तूर उभी असते. कपाशी या औषधाला इतकी नाजूक आहे की वाऱ्यावर उडालेल्या बारीक तुषारांनीही तिची नवी पाने भेंडीच्या पानासारखी चिरलेली, अरुंद आणि वळलेली निघतात. आमच्या कपाशीवर एकदा हे झाले ते शेजाऱ्याच्या फवाऱ्याने नव्हे, तर उसन्या आणलेल्या पंपाने: त्याच पंपातून आधी गव्हावर 2,4-डी मारले होते, पंप साध्या पाण्याने खळबळून घेतला होता, आणि टाकीच्या कडांना आणि नळीला चिकटलेले औषध कीटकनाशकासोबत कपाशीवर उतरले. दोन एकरांत त्या वर्षीच्या शेवटच्या वेचणीचा कापूस आलाच नाही. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा ठेवला आहे, त्यावर रंगाने मोठी खूण केली आहे आणि तो कुणालाही देत नाही, कुणाचा घेतही नाही. नव्या शेतकऱ्याने पहिल्याच वर्षी दोन पंप घ्यावेत. एका पंपाची किंमत एका नासलेल्या पिकापुढे काहीच नाही.

फवारणीचे गणित

डब्यावर मात्रा हेक्टरी किंवा एकरी दिलेली असते आणि शेतात विचारले जाते ते पंपाला किती झाकणे टाकायची. झाकणाने मोजण्याची सवय मोडावी. प्रत्येकाची चाल, पंपाचा दाब आणि नोझल वेगळे असते, म्हणून आधी साध्या पाण्याने चाचणी घ्यावी. दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे सुमारे एक गुंठा जागा दोरीने आखावी, मोजलेले पाणी पंपात भरावे, नेहमीच्या चालीने ती जागा फवारावी आणि किती पाणी लागले ते मोजावे. समजा पाच लिटर लागले. एकरात 40 गुंठे, म्हणजे एकराला 200 लिटर पाणी लागेल आणि 15 लिटरच्या एका पंपात तीन गुंठे होतील. प्रेटिलाक्लोर वाळूऐवजी फवाऱ्याने द्यायचे ठरवले तर 600 मिलिलिटर भागिले 40 म्हणजे गुंठ्याला 15, आणि पंपाला 45 मिलिलिटर.

मेटसल्फ्युरॉनसारखे औषध एकराला अवघे आठ ग्रॅम असते, ते पंपागणिक चिमटीने वाटणे अशक्य आहे. त्यासाठी पूर्ण आठ ग्रॅमची पुडी बादलीत चार लिटर पाण्यात विरघळवावी; आता गुंठ्याला त्यातले 100 मिलिलिटर आणि तीन गुंठ्यांच्या पंपाला 300 मिलिलिटर घ्यावे, प्रत्येक वेळी आधी ढवळावे. काही ठिकाणी औषध दुप्पट आणि काही ठिकाणी शून्य पडण्याचे कारण बहुधा हेच असते की ही एक बादली केली जात नाही.

तणनाशकाला पंख्यासारखा सपाट फवारा देणारे नोझल वापरावे. कीटकनाशकाचे गोल फवाऱ्याचे नोझल बारीक धुके करते आणि ते उडते. पाणी स्वच्छ घ्यावे. उगवणीपूर्व औषध फवारताना मागे सरकत चालावे, म्हणजे फवारलेल्या मातीवर पाय पडत नाही. वारा सुटला असेल, दव असेल किंवा पुढच्या काही तासांत पावसाची शक्यता असेल तर काम पुढे ढकलावे. डब्यावरच्या चौकोनातला त्रिकोण विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत तीव्र, मग पिवळा, निळा आणि हिरवा. या लेखातील मात्रा आणि हाती असलेल्या डब्यावरचा मजकूर यांत फरक असेल तर डब्यावरचाच मजकूर पाळावा.

स्वतःच्या शरीराबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे विदर्भाने पाहिले आहे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडावर मास्क आणि डोळ्यांना चष्मा हे मालकाने मजुराला दिलेच पाहिजे आणि ते घातल्याशिवाय पंप पाठीवर चढू देऊ नये. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, काम संपल्यावर साबणाने अंघोळ करावी, आणि चक्कर, उलटी किंवा अंधारी येताच औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा, कारण डॉक्टरांना त्यातले रसायन कळले तरच नेमका उपचार होतो. शंका असेल तर गावचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे कृषी विज्ञान केंद्र किंवा किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा निःशुल्क क्रमांक आहे.

गाजर गवत आणि धुरे

हे तण 1955 साली पुण्यात आढळल्याची नोंद आहे आणि आज नागपूरच्या प्रत्येक पांदणीत ते उभे आहे. शेत स्वच्छ ठेवून धुरा तसाच सोडला तर पुढच्या पावसात ते आत येते. जुलै-ऑगस्टमध्ये, ओल असताना आणि फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने आणि परागांनी अनेकांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो. फुले न आलेली झाडे कंपोस्टच्या खड्ड्यात चालतात, फुलांवरची चालत नाहीत. त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात आपोआप दिसतो. तो दिसला त्या पट्ट्यात औषध मारू नये.

कापणीच्या दिवशी

गव्हाच्या ओंब्यांवरून डोके काढलेले गुल्लीदंड्याचे आणि जंगली ओटाचे तुरे कापणीच्या पंधरा दिवस आधी, बी गळण्यापूर्वी, पिशवी हातात घेऊन कापून काढावेत आणि शेताबाहेर जाळावेत. एकराला दोन माणसांचे एका सकाळचे काम असते. कंबाइन, म्हणजे कापणी-मळणी यंत्र, बाहेरगावाहून येत असेल तर ती शेतात शिरण्यापूर्वी रस्त्यावरच काही मिनिटे रिकामी चालवायला सांगावी आणि चाळण्या-टाकी झाडून घ्यायला लावावी. आधीच्या शेतातले सगळे तणबी तिच्या पोटात असते. चालक घाईत असतो, पुढचा शेतकरी वाट पाहत असतो, तरीही हे झाल्याशिवाय तिला धुऱ्याच्या आत घेऊ नये. मागे पडलेला भुसा वेगळ्या ढिगात घालावा आणि तो शेतात परत पसरण्याआधी त्यात तणाचे बी किती आहे ते मूठभर चाळून पाहावे.